खोलीत कोंडून कुणी सुतासारखा सरळ होत नाही

ऑस्ट्रेलियातल्या मराठी ग्रुपांवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. बिहेवियर सपोर्ट प्रॅक्टिशनर, म्हणजे अपंग माणसाच्या त्रासदायक वागण्यामागचं कारण शोधून त्यावरच्या उपायांचा प्लॅन लिहिणारे तज्ज्ञ, हे एनडीआयएसच्या (अपंगांच्या मदतीसाठी पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या) पैशांवर डल्ला मारणारे लोक आहेत, असं त्यात पाच मुद्द्यांत सांगितलंय. परवा तो माझ्या ताईपर्यंत पोहोचला. तिचा मुलगा चोविशीत आहे, बोलत नाही, ग्रुप होममध्ये, म्हणजे अपंग माणसं स्टाफच्या मदतीने एकत्र राहतात अशा घरात, राहतो. त्याच्यासाठी नुकतीच एक प्रॅक्टिशनर नेमली आहे. ताईने मला विचारलं, "त्या बाईंना नको म्हणून कळवू का गं?" मी स्वतः अशाच घरांमध्ये सपोर्ट वर्कर आहे. ताईला फोनवर जे सांगितलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण हा मेसेज तिच्यासारख्या बऱ्याच घरांत गेला असणार.

आधी तिसरा मुद्दा घेते, कारण तो कुणी खरंच अमलात आणला तर माणसाच्या जिवावर बेतेल. मेसेज म्हणतो, 'चिडला की खोलीत घालून दार लावून घ्या, दोन दिवसांत सुतासारखा सरळ होतो. घरातल्या स्टाफलाही तसंच सांगा.'

स्टाफला असं सांगून चालत नाही. एनडीआयएसचे २०१८ चे रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिसचे, म्हणजे माणसाच्या हालचालींवर आणि हक्कांवर बंधन आणणाऱ्या उपायांचे, नियम आहेत. एकट्याला कोंडणं, वागणं काबूत ठेवण्यासाठी औषध देणं, पट्ट्यांनी किंवा उपकरणांनी जखडणं, हातांनी धरून ठेवणं आणि घरातल्या वस्तूंना-जागांना कुलपं घालणं, असे पाच प्रकार त्यात मोडतात. कोंडण्याची व्याख्या तर मुद्दाम वाचावी अशी आहे. दाराला कुलूप असायलाच हवं असं नाही. 'बाहेर यायचं नाही' असं नुसतं सुचवलं, तरी ते कोंडणंच. असं काही करायचंच असेल तर ते शेवटचा उपाय म्हणून, कमीत कमी वेळ, इजेच्या धोक्याच्या प्रमाणात, आणि प्लॅनमध्ये लिहिलेलं असलं तरच. शिक्षा म्हणून कधीच नाही. मंजुरीशिवाय केलं तर एनडीआयएसच्या क्वालिटी अँड सेफगार्ड्स कमिशनला, म्हणजे या सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेला, कळवावं लागतं.

पण नियम बाजूला ठेवू. बंद दाराआड काय होतं ते बघा. आमच्याकडे एक गृहस्थ जेवणाचं ताट भिरकवायचे. जुन्या स्टाफचा उपाय एकच, खोलीत नेऊन बसवणं. प्रॅक्टिशनर आली आणि तिने आम्हाला प्रत्येक वेळेची नोंद ठेवायला लावली. ताट फेकण्याआधी काय झालं, समोर काय वाढलं होतं, नंतर कोण काय म्हणालं. मला तेव्हा तो व्याप वाटला होता. नोंदी एकापुढे एक मांडल्यावर दिसलं की सूप किंवा दही असलं की ताट जागेवर राहतं, चावायचं काही असलं की उडतं. डेंटिस्टकडे नेलं तर दाढेखाली पू. इतके दिवस ठणका सोसत होते ते, आणि तो सांगायची त्यांच्याजवळची एकच रीत आम्ही बंद करत होतो. कोंडल्यावर ते गप्प व्हायचे हे खरं. मेसेजवाल्याला त्यातच यश दिसतं, त्याचाच मला राग येतो. दुखणं होतं तिथेच होतं. बद्धकोष्ठ, कान फुटणं, फिट्स, अ‍ॅसिडिटी, यांतलं काहीही बंद दाराआड बळावू शकतं.

चौथा मुद्दा गोळीचा. 'शांत करणारी गोळी सगळ्यात स्वस्त आणि खात्रीची.' याला उत्तर म्हणून एकच अभ्यास सांगते, २००८ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेला. इंग्लंड, वेल्स आणि आपल्या क्वीन्सलंडमधली, बौद्धिक अपंगत्व असलेली आणि आक्रमक वागणारी ८६ प्रौढ माणसं. सायकोसिस, म्हणजे भास-भ्रमांचा मानसिक आजार, कुणालाच नव्हता. काहींना रिस्पेरिडोन दिलं, काहींना हॅलोपेरिडॉल (दोन्ही सायकोसिसवरची औषधं), काहींना औषधच नसलेली गोळी. चार आठवड्यांनी तिन्ही गटांत आक्रमकपणा उतरला, पण सर्वांत जास्त उतरला तो औषध नसलेल्या गटात, ७९ टक्क्यांनी. हॅलोपेरिडॉलच्या गटात ६५, रिस्पेरिडोनच्या गटात ५८. अशा वागण्यावर ही औषधं सरसकट देऊ नयेत, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. ऑटिझम असलेल्या मुलांची चिडचिड रिस्पेरिडोनने कमी होते, असे अभ्यास आहेत, ते मी नाकारत नाही. पण वजन वाढणं, सुस्ती, हातपाय थरथरणं हे त्याच गोळीबरोबर येऊ शकतं. आणि हे वाचून कुणी चालू औषध आपल्या मनाने बंद करू नका. ते डॉक्टरांनीच हळूहळू कमी करायचं असतं.

मेसेजमधला आणखी एक मुद्दा, 'सगळं लक्ष वेधायला करतात, दुर्लक्ष करा.' कधी लक्ष हवं असतं, कधी नकोशा कामातून सुटका, कधी एखादी वस्तू, कधी अंगातच काही होत असतं. कुठलं ते शोधणं हेच तर या प्रॅक्टिशनरांचं काम. आणि लक्ष हवं असलं तर त्यात गुन्हा काय? १९८५ मध्ये कार आणि ड्युरँड या संशोधकांनी मुलांना लक्ष किंवा मदत मागायचं साधं वाक्य शिकवलं, आणि त्रासदायक वागणं झपाट्याने कमी झालं.

हे लोक नुसती स्टिकर-चॉकलेटं वाटतात, या मुद्द्यावर वेळ घालवत नाही. ज्याने एकही प्लॅन वाचलेला नाही तोच असं लिहू शकतो.

राहिला 'नुसते कागद रंगवतात' हा आरोप. यात थोडं तथ्य आहे, मान्य करावं लागतं. दुसऱ्याच माणसाचं नाव राहून गेलेला, नक्कल करून चिकटवलेला प्लॅन मी पाहिलाय. स्टाफने कधीच न उघडलेले प्लॅनही पाहिलेत. इंग्लंडमध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, स्टाफला वागण्यामागचं कारण शोधायच्या या पद्धतीचं प्रशिक्षण देऊनही अपंग माणसांच्या त्रासदायक वागण्यात फरक पडला नाही. म्हणजे थोड्या दिवसांचा कोर्स आणि एक फाइल पुरत नाही. रोजच्या रोज घरात येऊन बघणारं, स्टाफबरोबर बसणारं माणूस लागतं. चांगली प्रॅक्टिशनर मागा, ती नकोच असं म्हणू नका.

ज्यांचं माणूस ग्रुप होममध्ये आहे त्यांनी एवढं करा. रिस्ट्रिक्टिव्ह प्रॅक्टिस वापरली जात असेल तर प्रॅक्टिशनर नेमल्यापासून एका महिन्यात तात्पुरता आणि सहा महिन्यांत पूर्ण प्लॅन तयार व्हायला हवा. तो मागून घ्या आणि वाचा. तो करताना तुमच्याशी बोललं गेलं का, दुखण्याची तपासणी झाली का, कुलूप किंवा गोळी कमी कशी करणार हे त्यात लिहिलंय का, ते बघा. नसेल तर आधी प्रॅक्टिशनरला विचारा, आणि उत्तर मिळालं नाही तर कमिशनकडे तक्रार करा.