"कम्युनिटी कॉलेजात क्रिमिनल जस्टिस म्हणजे दोन वर्षं पाण्यात" – कोणी सांगितलं?

आमच्या बे एरियातल्या मराठी ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. म्हणणं असं की कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज, तिथून पुढे युनिव्हर्सिटीत जाता येतं) हे कुठेच ॲडमिशन न मिळालेल्यांसाठी, तिथले क्रेडिट युनिव्हर्सिटी धरत नाही, क्रिमिनल जस्टिस (गुन्हे, पोलीस, कोर्ट यांचा अभ्यास) शिकून फक्त पोलीस होता येतं आणि तेही सिटिझन असाल तरच, लॉ स्कूलवाले ढुंकूनही बघत नाहीत, आणि पैसे वाचतात ही थाप. खाली हात जोडलेले चार इमोजी. माझी लेक याच रस्त्याने गेलीये, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकते, दरवेळी फोनवर तेच सांगून घसा बसतो. मी फक्त कॅलिफोर्नियाचं बोलतेय हां, बाकी राज्यांचे नियम वेगळे.

"कुठेच ॲडमिशन न मिळालेले." अहो, आपल्याकडे पॉलिटेक्निक डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर इंजिनिअरिंगला जातात ना, तसलाच प्रकार आहे हा. (तिथेही लोक नाकं मुरडतात, आणि वर्कशॉपमध्ये तीच पोरं सगळ्यांच्या पुढे असतात.) इथे उच्च शिक्षणाच्या १९६० च्या मास्टर प्लॅनपासून हा रस्ता मुद्दाम आखलेला आहे, आणि यूसीचं (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया) धोरणच बारावीनंतर थेट आलेल्या दर दोन फ्रेशमनमागे एक ट्रान्सफर, म्हणजे दुसऱ्या कॉलेजातून आलेला विद्यार्थी, घ्यायचं आहे. पुढचा मुद्दा.

"क्रेडिट धरत नाहीत." हा सगळ्यात जास्त पसरलेला आणि अर्धवट खरा, म्हणून जास्त घातक. २०१० मध्ये इथे कायदा झाला, त्यातून असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर (दोन वर्षांची, पुढे युनिव्हर्सिटीत नेणारी डिग्री) निघाली. आपल्या विषयाची 'ॲडमिनिस्ट्रेशन ऑफ जस्टिस' नावाने मिळते, बऱ्याच कॉलेजात हेच नाव असतं, क्रिमिनल जस्टिस शोधत बसलात तर सापडायचं नाही. ६० युनिट (म्हणजेच क्रेडिट) नीट पूर्ण केले की सीएसयूमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, यूसीहून वेगळी) कुठेतरी जागा नक्की, आणि त्याच विषयात गेलात तर तिथे अजून ६० युनिटमध्ये बॅचलर्स. 'कुठेतरी' हा शब्द दोनदा वाचा. सॅन डिएगो किंवा लाँग बीचच पाहिजे म्हणाल तर तिथे गर्दी असते, हमी त्या कॅम्पसची नसते.

यूसीचं मात्र वेगळं. तिथे क्रिमिनल जस्टिस असं नाव सहसा नसतंच, अर्व्हाइनला 'क्रिमिनॉलॉजी, लॉ अँड सोसायटी' आहे, बर्कलीला 'लीगल स्टडीज'. आणि पोलीस ट्रेनिंग टाइप कोर्स यूसी सहसा धरत नाही. आमचं तिथेच चुकलं. पहिल्या सेमिस्टरला काउन्सेलर म्हणाल्या घे रिपोर्ट रायटिंग, उपयोगी आहे. उपयोगी होतंच, पण यूसीने ते तीन युनिट मोजले नाहीत. मग एका रात्री आम्ही दोघी डायनिंग टेबलावर असिस्टची (कुठला कोर्स कुठे धरतात ते दाखवणारी) साइट उघडून बसलो, डावीकडे कॉलेज, उजवीकडे युनिव्हर्सिटी, ओळीने काय कशाला जुळतं ते दिसतं, 'नो कोर्स आर्टिक्युलेटेड' (जुळणारा कोर्स नाही) दिसलं की लेक पेन्सिलने फुली मारायची. दीड तासात दोन वर्षांचा प्लॅन कागदावर आला. जे काम पहिल्या दिवशी करायचं ते आम्ही चार महिन्यांनी केलं, त्यात कम्युनिटी कॉलेजचा काय दोष?

"फक्त पोलीस, आणि सिटिझनच." दोन्ही चूक. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२३ पासून पोलिसासाठी सिटिझनशिपची अट नाही, कायदेशीर वर्क ऑथोरायझेशन लागतं. म्हणजे एच-४ वर (एच-१बी वाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असलेल्या आणि वर्क परमिट नसलेल्या मुलाला अडचण आहेच, ती लपवत नाही. एफबीआयच्या स्पेशल एजंटला मात्र सिटिझनशिप लागते, वर बॅचलर्स आणि वय किमान २३. शिवाय इथे नव्याने भरती होणाऱ्या पोलिसाला आता २१ पूर्ण लागतात, म्हणजे अठराव्या वर्षी कॉलेजला लागून विसाव्या वर्षी असोसिएट डिग्री घेतलेलं पोर लगेच पोलीस होऊच शकत नाही, मग "फक्त पोलीस" कसं काय? प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणं) आहे, पीडितांना मदत करणाऱ्या सेवा आहेत, पॅरालीगल (वकिलाचा मदतनीस) आहे, क्राइम ॲनालिस्ट आहे.

आणि शिकवतात काय ते तरी बघा. लेकीला इंट्रोच्या क्लासला असाइनमेंट होती, काउंटी कोर्टात जाऊन सकाळभर बसायचं. तिला तेव्हा गाडी चालवता येत नव्हती म्हणून मी सोडायला गेले आणि मागच्या बाकावर बसूनच राहिले. टीव्हीवर असतं तसं काहीच नाही. एकामागून एक नाव पुकारतात, आरोप सांगतात, पब्लिक डिफेंडर (सरकारने दिलेला आरोपीचा वकील) हातातली फाइल चाळत पक्षकाराच्या कानाशी दोन वाक्यं बोलतो, पुढची तारीख पडते, पुढचा. एका माणसाला दुभाषा पाहिजे होता, तो येईपर्यंत सगळं थांबलं. लेक सगळा वेळ वहीत प्रत्येक केसला किती मिनिटं लागली ते लिहीत होती. गाडीत बसल्यावर पहिलं वाक्य, "आई, जामिनाचं कोणी नीट बोललंच नाही." त्या दिवशी कळलं, हिला पोलीस व्हायचं नाहीये.

"लॉ स्कूलवाले बघत नाहीत." अमेरिकन बार असोसिएशन कुठलाच ठराविक मेजर (मुख्य विषय) मागत नाही. बघतात ते मार्क, आणि इथे खरी गंमत आहे जी मेसेजवाल्याला माहीतच नाही. लॉ स्कूलच्या अर्जासाठी जो जीपीए (ग्रेडची सरासरी) काढतात त्यात बॅचलर्स मिळेपर्यंतचे सगळ्या कॉलेजांचे मार्क येतात, कम्युनिटी कॉलेजचेही, हायस्कूलमध्ये असताना हौसेने घेतलेल्या कॉलेज कोर्सचेही. तेव्हा "कम्युनिटी कॉलेजच आहे, बघू नंतर" म्हणून 'सी' ग्रेड घेतलात तर तो चिकटला.

"पैसे वाचतात ही थाप." कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर, ६० युनिटचे २,७६० होतात. सीएसयूची २०२४-२५ची एका वर्षाची नुसती ट्युशन ६,०८४. पुस्तकं, पार्किंग, गाडीचा इन्शुरन्स वेगळा, तो झोंबतो, खरंय. पण आमची घरी राहिली, डबा घरचा. नॉनरेसिडेंट असाल, किंवा एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसा) आलेला भाचा असेल, तर मात्र हे गणित विसरा, त्यांना युनिटचा रेट कितीतरी जास्त पडतो.