एका तासाचे काम आणि महिन्याची कमाई

गोव्यातील डिचोलीच्या आमच्या कट्ट्यावर रोजगाराचा विषय निघाला की तो फिरून फिरून खाणींवर येतो; या वेळी मात्र तो बराच वेळ आकड्यांतच अडकून राहिला. बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी सुरुवातीलाच दोन आकडे समोर ठेवले. केंद्र सरकारच्या नियतकालिक श्रमशक्ती सर्वेक्षणाच्या २०२३-२४ च्या वार्षिक अहवालात देशातील पंधरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांमधील बेरोजगारीचा दर ३.२ टक्के होता, आणि मे २०२५ मध्ये याच सर्वेक्षणाचे पहिले मासिक पत्रक निघाले, त्यात एप्रिलचा दर ५.१ टक्के आला. “म्हणजे वर्षभरात बेकारी दीडपटीने वाढली आणि कोणाला त्याचे काही वाटले नाही,” असा त्यांचा सूर होता.

कॉलेजात संख्याशास्त्र शिकवलेल्या मास्तरांनी त्यांना तिथेच थांबवले. त्यांचे म्हणणे असे की दोन्ही आकडे एकाच सर्वेक्षणाचे असले तरी मापे वेगळी आहेत. वार्षिक अहवालातील गाजलेला आकडा ‘नेहमीच्या स्थिती’चा असतो. त्यात मागील ३६५ दिवस पाहिले जातात, आणि वर्षाचा मोठा भाग बेकारीत किंवा घरी गेला असला तरी एखाद्याने जोडकाम म्हणून ३० दिवस किंवा त्याहून अधिक काम केले असेल, तर तो रोजगारात धरला जातो. मासिक आकडा ‘चालू आठवड्याच्या स्थिती’चा असतो आणि त्यात फक्त मागचे सात दिवस येतात. “२०२३-२४ चाच आठवड्याच्या मापाने काढलेला दर ४.९ टक्के होता, काका. तुलना करायचीच असेल तर ४.९ आणि ५.१ यांची करा, आणि तीही जपून, कारण एक वर्षभराची सरासरी आहे आणि दुसरा एका महिन्याचा आकडा आहे.” काकांनी हे मान्य केले, पण असे दोन दर छापताना मापाचे नाव मथळ्यातच का देत नाहीत, हा त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याला कोणाकडे उत्तर नव्हते.

खरी ठिणगी पडली ती ट्रकवाल्या भाईंमुळे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गोव्यातील ८८ खाणपट्टे रद्द केल्यापासून त्यांची गाडी बहुतेक काळ उभीच असते; लिलावातील खनिजाची वाहतूक निघाली की काही आठवडे ती धावते. “महिनाभर गाडी चालली म्हणून तुमच्या हिशेबात मी वर्षभर कामाला लागलेला माणूस झालो काय?” असे त्यांनी विचारले, आणि आठवड्याच्या मापात सात दिवसांपैकी एका दिवशी एक तास काम केले तरी माणूस रोजगारात जातो, हे कळल्यावर त्यांचा आवाज आणखी चढला. उरलेले सहा दिवस तो काम शोधत फिरला असला तरी फरक पडत नाही, कारण वर्गवारीत काम आधी येते, शोध त्यानंतर आणि घरी असणे सर्वांत शेवटी.

मास्तरांनी एका तासाच्या अटीची बाजू घेतली, आणि मला ती बरीचशी पटली. ही अट दिल्लीत कोणी आकडा सुंदर दिसावा म्हणून बसवलेली नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या संख्याशास्त्रज्ञांच्या १९८२ च्या परिषदेपासून ती जगभर वापरात आहे. राष्ट्रीय उत्पन्नात एका तासाचेही उत्पादन मोजले जाते, तेव्हा ते उत्पादन करणारा माणूसही मोजला गेला पाहिजे, हा त्यामागचा विचार आहे. शिवाय हे सर्वेक्षण सातही दिवसांचे कामाचे तास स्वतंत्रपणे विचारते आणि आणखी काम मिळाले तर करण्याची तयारी होती का, हेही नोंदवते. भाईंसारख्या माणसाचे अर्धवट काम त्या तासांच्या तक्त्यात दिसते, बेरोजगारीच्या दरात दिसत नाही. मात्र मास्तर एक गोष्ट सोयीस्करपणे विसरले: तासांचा तक्ता वाचतो कोण? सभेत, विधानसभेत आणि वर्तमानपत्रात फिरतो तो दरच.

वर्षा वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करते. तिने बायकांचा आकडा काढला. पंधरा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांपैकी श्रमशक्तीत, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्यांत, २०१७-१८ मध्ये २३.३ टक्के होत्या, ते प्रमाण २०२३-२४ मध्ये ४१.७ टक्क्यांवर गेले, असे अहवाल सांगतो. “इतक्या बायका सहा वर्षांत नेमक्या कुठल्या कचेरीत आणि कारखान्यात शिरल्या?” असे तिचे विचारणे होते. तिच्या शंकेत तथ्य आहे, कारण या वाढीचा मोठा भाग ग्रामीण आहे आणि त्यात घरच्या शेती-धंद्यात बिनपगारी हात लावणाऱ्या स्त्रिया पुष्कळ आहेत. कुळागरात, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागेत, सुपारी वेचणारी, सोलणारी, वाळवणारी सासू किंवा सून यांना ‘तुम्ही काय करता’ असे विचारले तर त्या ‘घरीच असते’ असे सांगतील. सर्वेक्षणासाठी घरी आलेल्या अन्वेषकाने आणखी दोन प्रश्न विचारले, तर याच बायका घरच्या धंद्यातील मदतनीस ठरतील. २०१३ च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने फक्त स्वतःच्या घरी खाण्यासाठी केलेले उत्पादन रोजगारापासून वेगळे काढले. आपल्याकडे मात्र घरापुरते भात-भाजी पिकवणेही रोजगारात धरले जाते. मास्तरांच्या मते या बायका पूर्वीही राबतच होत्या आणि आता नोंदल्या जात आहेत, तर वर्षाच्या मते नोंद झाली म्हणून त्यांच्या हातात पैसा आला असे होत नाही. ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी आहेत, त्यामुळे त्यांचा वाद मला थोडा व्यर्थच वाटला.

पैशाचा मुद्दा निघाला तेव्हा मात्र चर्चेला खरी धार आली, आणि माझ्या मते या सर्वेक्षणाची कमजोर बाजू इथेच आहे. कमाई तीन प्रकारच्या लोकांना तीन वेगळ्या मुदतींसाठी विचारली जाते. पगारदाराला मागच्या कॅलेंडर महिन्याचा पगार विचारतात, रोजंदारीवाल्याला त्या आठवड्यातील एकेका दिवसाची मजुरी, आणि स्वतःचा धंदा करणाऱ्याला मागच्या ३० दिवसांतील कमाई. पहिले दोघे फारसा विचार न करता उत्तर देतात. तिसऱ्याचे काय? देशातील काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगारितांचा वाटा २०१७-१८ मध्ये ५२.२ टक्के होता आणि २०२३-२४ मध्ये तो ५८.४ टक्के झाला, म्हणजे निम्म्याहून अधिक लोकांची कमाई अशा आठवणीवर अवलंबून आहे, जिची कुठलीही वही नसते.

काकांनी बँकेतील अनुभवावरून सांगितले की कर्जाच्या अर्जावर धंद्याचे उत्पन्न लिहायला बसलेला माणूस विक्री, नफा आणि घरखर्च यांची सरमिसळ करतोच. अन्वेषकापुढे तर त्याला खरे सांगण्याची गरजही वाटत नाही. भाईंचे उदाहरण याहून बोलके होते. ट्रॉलरमालकाला जूनअखेरीस विचारले तर १ जूनपासून ६१ दिवसांची मासेमारीबंदी चालू असते आणि ३० दिवसांची कमाई जवळपास शून्य येते. डिसेंबरात विचारले तर तोच माणूस श्रीमंत दिसतो. किनाऱ्यावरचा शॅकवाला परवान्याचे शुल्क आणि बांबू-झापांचा खर्च मोसमाच्या तोंडावर करतो आणि कमाई नाताळात करतो, मग कुठल्या ३० दिवसांत किती खर्च टाकायचा? मास्तरांनी उत्तर दिले की सर्वेक्षण बाराही महिने चालते, त्यामुळे सरासरीत सगळे मोसम येतात. ते खरे आहे. परंतु गोव्यासारख्या लहान राज्यात नमुनाच लहान असतो, आणि त्यातील किती ट्रॉलरवाले कुठल्या महिन्यात सापडले यावर सरासरी डोलू शकते.

मग गोव्याचे खास गुंते पुढे आले. कळंगुटला खोल्या भाड्याने देऊन केवळ त्या भाड्यावर जगणारा मालक श्रमशक्तीबाहेर जातो, कारण भाडे ही श्रमाची कमाई नव्हे; तोच जर पाहुण्यांना न्याहारी देऊ लागला आणि चादरी बदलू लागला, तर तो धंदेवाला होतो. बोटीवर गेलेला तारवटी, म्हणजे खलाशी, सहा महिन्यांहून अधिक काळ बाहेर असेल, तर त्याची गणती त्या घरात होतच नाही, कारण एका चुलीवर जेवणारे ते एक घर अशी व्याख्या आहे आणि दीर्घकाळ बाहेर असलेला त्यातून वगळला जातो. त्याने पाठवलेल्या पैशावर घर चालते, पण कमाईच्या तक्त्यात तो पैसा येत नाही.

याच धाग्यावरून गोव्याचा स्वतःचा दर चर्चेत आला. २०२३-२४ मध्ये तो नेहमीच्या स्थितीच्या मापाने ८.५ टक्के होता, देशाच्या अडीचपटीहून अधिक. काकांनी त्याला राज्याच्या नामुष्कीचा पुरावा म्हटले. मला ते घाईचे वाटते. ज्याच्या घरी भाडे, पेन्शन किंवा बोटीवरचा पैसा आहे, तो पदवीधर मुलगा सरकारी नोकरीच्या जाहिरातीची वाट पाहत काही वर्षे थांबू शकतो आणि बेरोजगार म्हणून नोंदला जातो. ज्याला दुसऱ्या दिवशी चूल पेटवायची आहे, तो मिळेल ते काम धरतो आणि रोजगारात जातो. त्यामुळे कमी दर ही खुशालीची खूण मानता येत नाही. भाईंनी यावर एवढेच म्हटले की सगळ्यांच्याच घरी भाडे येत नाही, आणि खाणींच्या भागातील बेकारी ही वाट पाहण्याची चैन नाही. राज्याच्या एका दरात ही दोन्ही माणसे एकत्र बसवलेली आहेत, हे त्यांचे म्हणणे मास्तरांनाही खोडता आले नाही.

जानेवारी २०२५ पासून सर्वेक्षणाचा आराखडा बदलला आहे: नमुना सुमारे १ लाख घरांवरून २,७२,३०४ घरांवर गेला, आणि प्रत्येक घराला लागोपाठ चार महिने भेट दिली जाते. पूर्वी पुनर्भेटी फक्त शहरी भागात आणि तीन-तीन महिन्यांच्या अंतराने होत असत. मास्तरांना त्यात आशा दिसते, कारण एकाच ट्रॉलरवाल्याची मे आणि ऑगस्टची उत्तरे आता जोडून पाहता येतील. सर्वेक्षणाची नावे वगळलेली मूळ माहिती केंद्राचे सांख्यिकी मंत्रालय संकेतस्थळावर खुली ठेवते, तेव्हा दराच्या आधी गोव्यातील स्वयंरोजगारितांचे तास आणि कमाई महिनावार काढावी, असे ठरले आणि ते काम वर्षाने अंगावर घेतले. भाईंची अट एकच आहे: पावसाळ्याचे महिने वेगळे दाखवायचे.