साहेबाचे ‘क्वाइट गुड’ समजून घेण्याची पूर्वतयारी

लंडनच्या ग्राहकाशी बोलण्यापूर्वी शाळेत घोकलेले इंग्रजी व्याकरण घडी घालून कपाटात ठेवावे, कारण प्रत्यक्ष संभाषणात त्याचा उपयोग फक्त फसण्यासाठी होतो. गेल्या मंगळवारी, तीन आठवडे खपून लिहिलेला माझा चाळीस पानी अहवाल ऐकून पलीकडचे गृहस्थ प्रसन्नपणे म्हणाले, ‘क्वाइट गुड! जस्ट वन ऑर टू मायनर कॉमेंट्स.’ मी त्या आनंदात अख्ख्या टीमला चहा पाजला. संध्याकाळी फाइल परत आली, तेव्हा तिसऱ्या पानापासून पुढे सगळीकडे लाल खुणा होत्या आणि दुसरे प्रकरण संपूर्ण काटलेले होते. तेव्हा लक्षात ठेवावे की अमेरिकन माणसाचे ‘क्वाइट गुड’ म्हणजे उत्तम, आणि ब्रिटिश माणसाचे म्हणजे ‘ठीक आहे, चालवून घेऊ’.

‘इंटरेस्टिंग’ हा शब्द कानी पडताच त्या कल्पनेचे तेरावे उरकून घ्यावे.

‘लेट्स टेबल इट’ असे कोणी म्हटल्यास आधी त्याचा पासपोर्ट मागावा. ब्रिटनमध्ये याचा अर्थ ‘विषय आत्ता चर्चेला घेऊ’ असा होतो, तर अमेरिकेत ‘तूर्त बाजूला ठेवू’ असा. दुसऱ्या महायुद्धात दोन्ही देशांचे सेनाधिकारी या एका शब्दावरून बराच वेळ भांडत बसले होते, असे खुद्द चर्चिल यांनी लिहून ठेवले आहे.

‘अ बिट’ ऐकल्यावर मात्र घाबरावे. एप्रिल १९५१ मध्ये कोरियातील इमजिन नदीकाठी ब्रिटिशांच्या ग्लॉस्टर पलटणीला चिनी फौजांनी वेढले असताना, ‘थिंग्ज आर अ बिट स्टिकी, सर’ असे ब्रिगेडियरने अमेरिकन सेनापतीला कळवले. त्याला वाटले, थोडी अडचण दिसते, निभावून नेतील. त्या पलटणीचे पाचशेहून अधिक जवान कैद झाले. माझे फक्त एक प्रकरण गेले, हे माझे भाग्यच म्हणायचे.

आणि परदेशी साहेबांचे एक वेळ समजू शकते, ती त्यांची मातृभाषा आहे. पण सहा महिने ऑनसाइट, म्हणजे परदेशी ग्राहकाच्या कचेरीत, राहून आलेला आमचा कोथरूडचा मॅनेजर ‘व्हेन यू हॅव अ मोमेंट’ कशासाठी म्हणतो? मी बापडा सवडीने पाहीन म्हणून घरी गेलो, आणि रात्री साडेदहाला त्याचा फोन! अरे, ‘आज रात्रीपर्यंत हवे’ हे मराठीत सांगायला काय दुखते? आणि तुम्ही, कॉलवर ‘येस, येस’ म्हणत माना डोलावता आणि फोन ठेवल्यावर ‘तो नक्की काय म्हणाला?’ असे मला विचारता, तुम्हीही कमी नाही. समजले नसेल तर त्यालाच तिथल्या तिथे विचारा.