'डीपीआय 300 करा, झालं' असं सांगणाऱ्या त्या मजकुराबद्दल

"पुस्तकासाठी चित्रं तयार करणं हे पाच मिनिटांचं काम आहे" असा एक मजकूर बरेच दिवस फिरतोय. काल तो माझ्या भाच्याने मला पाठवला आणि खाली विचारलं, "मावशी, एवढंच करायचं ना?" त्याच्या पुस्तकात जुनी छायाचित्रं आहेत, नकाशे आहेत. तेव्हा हे स्पष्ट लिहायलाच हवं. मजकुरातले दावे असे: डीपीआय (इंचामागे किती ठिपके, म्हणजे चित्राचे पिक्सेल) 300 करा, सगळं जेपेगमध्ये ठेवा, व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो चालतो, सगळं सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे रंग) करा, आणि फोटो लहान असेल तर एआयने मोठा करा.

पहिला दावा सगळ्यात जास्त पसरलाय. 300 हा आकडा खरा आहे, तेवढं मान्य. ऑफसेट छपाईत इंचाला 150 ओळींची स्क्रीन (चित्राचे ठिपके करणारी जाळी) असेल तर तिच्या दुप्पट पिक्सेल हवेत, तिथून तो आला. पण तो छापायच्या मापाला लागू होतो. फोटो 600 पिक्सेल रुंद असेल आणि पानावर 5 इंच रुंद लावायचा असेल, तर इंचाला 120 पिक्सेलच मिळतात. फोटोशॉपमध्ये रिसॅम्पलची (पिक्सेलची संख्या बदलण्याची) खूण काढून 300 टाकलंत तर फाइलमधली फक्त नोंद बदलते, माप 2 इंचांवर येतं आणि मांडणीत तो ताणला की परत 120. खूण ठेवून 72 चे 300 केलेत तर मूळ एका पिक्सेलच्या जागी साधारण 17 पिक्सेल येतात. ते आजूबाजूच्या रंगांची सरासरी काढून भरलेले असतात, त्यातून तपशील वाढत नाही. पानं मांडायच्या इनडिझाइनमध्ये लिंक्स पॅनलमध्ये 'इफेक्टिव्ह पीपीआय' दिसतो, म्हणजे लावलेल्या मापाला इंचामागे खरे किती पिक्सेल मिळतात ते. विश्वास त्या आकड्यावर ठेवा.

शिवाय 300 हे छायाचित्रांपुरतं. नकाशे आणि शाईची रेखाटनं 300 ला जेपेग करणं म्हणजे ती हाताने बिघडवणं. पाव पॉइंटची रेघ (पॉइंट म्हणजे इंचाचा 72 वा भाग) 300 ला जेमतेम एक पिक्सेल जाड असते. तिरकी गेली की पायऱ्या पडतात, नाहीतर ती करडी होते. करड्या रेघेचे स्क्रीन ठिपके करते आणि कागदावर ती तुटक येते. भरीला जेपेगमुळे रेघांभोवती मळकट डाग येतात, पांढऱ्या कागदावर ते उठून दिसतात. एल्सेविअर ही संशोधन-नियतकालिकांची प्रकाशनसंस्था लेखकांना देत असलेल्या सूचनांत छायाचित्रांना 300, रेषाचित्रांना 1000 आणि दोन्ही एकत्र असतील तर 500 असं लिहिलंय. मी 1200 ला ग्रेस्केल (करड्या छटांत) स्कॅन करायला सांगेन. मग थ्रेशोल्ड (कुठली छटा काळी आणि कुठली पांढरी धरायची ती सीमा) लावून निव्वळ काळी-पांढरी बिटमॅप टिफ फाइल करा. थ्रेशोल्ड कमी झाला तर बारीक रेघा गळतात, जास्त झाला तर कोपरे भरून येतात, म्हणून 200 टक्क्यांवर मोठं करून बघा. नकाशा निम्म्यावर आणणार असाल तर अर्ध्या पॉइंटची रेघ पाव पॉइंटची होते, हे काढतानाच लक्षात ठेवा. नावांची अक्षरं लहान करून झाल्यावरही 7 पॉइंटच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर अनुस्वार मात्रेला चिकटतात.

व्हॉट्सॲपचा दावा अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो बहुधा 1600 पिक्सेलच्या आसपास येतो, म्हणजे 5 इंचांना पुरतो. पण केस, कापडाचं पोत, सावलीतले भाग चोपले गेलेले असतात. तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा, मूळ फाइल येते.

सीएमवायके करायचं तर कुठल्या प्रोफाइलने (कागदावर रंग कसे उतरतील हे सांगणाऱ्या फाइलने), हे मजकुरात नाहीच. गुळगुळीत आणि खरखरीत कागदाची प्रोफाइल वेगळी असते, ती छापखान्याकडून घ्या आणि मूळ आरजीबी (पडद्यावरच्या रंगांची) फाइल जपून ठेवा. पुस्तक एकाच रंगात असेल तर सीएमवायकेचा संबंधच नाही, ग्रेस्केल करा. कृष्णधवल फोटो चार शाईंत छापला की गुलाबी किंवा हिरवट झाक येण्याची भीती असते.

आता एआयने मोठं करणं. या दाव्याचा मला खरोखर राग येतो. जुन्या समूहचित्रात चेहरा 20 पिक्सेलचा असेल तर हे सॉफ्टवेअर डोळे, ओठ, दात स्वतःच्या अंदाजाने काढतं. पुस्तकात तो चेहरा त्या माणसाचा म्हणून छापला जातो. पाटीवरची किंवा शिलालेखातली अक्षरंही अशीच बदलतात आणि पुढचा अभ्यासक तीच उद्धृत करतो. त्याऐवजी मूळ प्रिंट पुन्हा स्कॅन करा. 4×6 इंचांची प्रिंट 600 ला स्कॅन केली की दुप्पट मापाला 300 मिळतात. 35 मिमीची स्लाइड 7 इंच रुंद छापायची तर किमान 1500 लागतात, 2400 ला करा. छापील पुस्तकातूनच घ्यावं लागलं तर डीस्क्रीन (छपाईचे ठिपके पुसणारी स्कॅनरची सोय) लावा, नाहीतर ठिपक्यांवर ठिपके बसून जाळी उमटते. आणि मूळ कुठेच नसेल, हाती फक्त 600 पिक्सेल असतील, तर तो फोटो 2 इंचांचाच छापा.