‘काड्या घालायची हौस’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅन्सर वॉर्डातच नाकाचा स्वॅब मशीनवर तपासून फ्लूसारखे विषाणू लगेच ओळखावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्याखाली एका वाचकाने लिहिलंय : ‘नाकात काड्या घालायची हौस. लॅबमधून तेच उत्तर येतं. मशीन विकायचंय असं सरळ सांगा ना.’ पुढे खर्चावर चार ओळी.

महोदय, मतभेद असू द्या, पण ‘हौस’? कॅन्सर वॉर्डच्या तपासण्यांत बारा वर्षं काढली आहेत. मशीन एकही विकलेलं नाही.

एक चूक मान्य. ‘अर्ध्या तासात रिपोर्ट’ असं मी लिहिलं होतं. फ्लू ए, फ्लू बी, आरएसव्ही (श्वसनमार्गाचा आणखी एक विषाणू) आणि कोविड एकत्र बघणारं जीनएक्स्पर्ट मशीनचं कार्ट्रिज, म्हणजे नमुना घालायची डबी, साधारण 36 मिनिटं घेतं. स्वॅब आणि नोंद धरून पाऊण तास. लेखात दुरुस्त केलंय.

आता ‘तेच उत्तर’. तेच, पण कधी? केमोनंतर न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) 500च्या खाली गेलेला पेशंट रात्री ताप-खोकला घेऊन येतो. ब्लड कल्चर घेऊन तासाभरात अँटिबायोटिक लागतं. ते स्वॅबसाठी थांबत नाही आणि फ्लू निघाला म्हणून लगेच बंदही होत नाही. संशय दाट असेल तर फ्लूचं औषध ओसेल्टामिविरही रिपोर्टआधीच सुरू करतात. अडतं ते खाटेपाशी. लॅबची बॅच उद्या दुपारी लागणार, तोवर याला ठेवायचं कुठे? स्वतंत्र खोल्या मोजक्या. ‘संशयित’ म्हणून सगळे एकत्र ठेवले, तर फ्लूवाल्याशेजारी आरएसव्हीवाला येतो. बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटच्या फुप्फुसात आरएसव्ही उतरला, तर खात्रीचं औषध नाही. खाट अंदाजाने देता येत नाही हो.

आणि ‘काडी’. ती लाकडाची नसते. लाकडी दांडीने पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी ही तपासणी, बिघडू शकते. मऊ तंतूंचा फ्लॉक्ड स्वॅब लागतो. आधी प्लेटलेट (रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी) बघायच्या. दहा हजारांपर्यंत उतरल्या असतील, तर घशामागपर्यंत न जाता, डॉक्टरांना विचारून, नाकाच्या मधल्या भागातून हलक्या हाताने घ्यायचा. व्हीटीएमची (स्वॅब ठेवायच्या द्रावणाची) नळी पाच वेळा उलटसुलट करायची, किटमधल्या पिपेटने 300 मायक्रोलिटर कार्ट्रिजमध्ये. पिपेटमध्ये बुडबुडा आला की नमुना कमी पडतो, मशीन एरर देतं, कार्ट्रिज वाया. हौस म्हणून कोणी करत नाही हे. पंधरा मिनिटांच्या अँटिजेन पट्टीवर निगेटिव्ह आलं म्हणून मात्र पेशंटला जनरल खोलीत हलवू नका. विषाणू असूनही ती पुष्कळदा चुकते.

खर्चाचं म्हणाल, तर मागच्या लेखातला तिसरा परिच्छेद तुम्ही वाचलेला नाही, एवढंच दिसतं.