ज्यूरी मागताय, पण कुठली?

एखाद्या गाजलेल्या खटल्यातले आरोपी सुटले, किंवा निकालालाच पंधरा वर्षं लागली, की महाराष्ट्रात कुणीतरी ज्यूरी, म्हणजे आरोपी दोषी की निर्दोष हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ, परत आणा म्हणतं. त्यावर उत्तर ठरलेलं: नानावटी. १९५९मध्ये ज्यूरीने ८ विरुद्ध १ मतांनी नौदलातले अधिकारी नानावटी यांना पत्नीचा प्रियकर प्रेम अहुजा यांच्या खुनातून निर्दोष ठरवलं, लोक भावनेच्या भरात वाहवत जातात हे दिसलं आणि ज्यूरी गेली. इंग्लंडमध्ये बसून हा वाद वाचताना वाटतं, दोघांनाही ज्यूरी म्हणजे काय हे नीट पाहायचं नाही.

मुळात ज्यूरी रद्द करा असं सरकारला कायद्यातले बदल सुचवणाऱ्या विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात १९५८मध्येच सांगितलं होतं, म्हणजे अहुजांवर गोळ्या सुटण्याच्या आधी. शिवाय नानावटी ज्यूरीमुळे सुटलेच नाहीत. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या कलम ३०७नुसार ज्यूरीचा कौल न पटल्यास सत्र न्यायाधीश प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवू शकत. न्यायाधीश मेहतांनी तेच केलं, जन्मठेप झाली आणि १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. इंग्लंडमध्ये हे अशक्य. तिथे ज्यूरीने निर्दोष म्हटलं की, मोजके अपवाद सोडले तर, विषय संपला. न्यायाधीशाला काय वाटतं याला किंमत नाही.

आपल्याकडची ज्यूरी इंग्रजांनीच आणली, पण स्वतःच्या देशातली नव्हे. १८९७मध्ये टिळकांना राजद्रोहात दोषी ठरवणारा कौल ६ विरुद्ध ३ होता: सहा युरोपियन एका बाजूला, तीन हिंदी दुसऱ्या. १९०८मध्ये सात युरोपियन आणि दोन पारशी बसवले होते. कौल ७ विरुद्ध २, शिक्षा सहा वर्षं. मुंबई उच्च न्यायालयात नऊपैकी सहा मतं आणि न्यायाधीशाची संमती पुरेशी होती. त्याच काळात लंडनमध्ये बाराच्या बारा जणांचं एकमत लागे. एक जण अडून बसला तरी दोषी ठरवता येत नसे. बहुमताची सोय तिथे १९६७मध्ये आली आणि तीही किमान १० विरुद्ध २.

इंग्लंडमधली आजची पद्धत अशी. मतदारयादीतून चिठ्ठी टाकावी तशी नावं निघतात. वय १८ ते ७५, तेराव्या वर्षानंतर सलग पाच वर्षं तिथे वास्तव्य. राष्ट्रकुलातल्या रहिवाशांना तिथे मतदान करता येतं, त्यामुळे भारतीय पासपोर्टवर राहणारा पुणेकरही खुनाच्या खटल्यात ज्यूरीवर बसू शकतो; पुण्यात मात्र नाही. बोलावणं साधारण दहा कामाच्या दिवसांचं असतं, आणि बुडालेल्या पगाराची भरपाई सुरुवातीला दिवसाला जेमतेम ६५ पौंडांपर्यंत. खटल्याबद्दल इंटरनेटवर शोधाशोध केली तर दोन वर्षांपर्यंत कैद. आजारपणाने कुणी गळलं तरी चालतं, पण नऊच्या खाली संख्या गेली की खटला बारगळतो.

या बारा जणांचा खरा उपयोग शहाणपणात नसून त्यांना ताटकळत ठेवता येत नाही यात आहे, असं माझं मत आहे. नोकरीधंदा सोडून आलेल्या माणसांना पुढची तारीख तीन महिन्यांनी देता येत नाही. म्हणून खटला एकदा उभा राहिला की सोमवार ते शुक्रवार रोज चालतो. साक्षीदाराची सरतपासणी (त्याला बोलावणाऱ्या बाजूचे प्रश्न) आणि उलटतपासणी (विरुद्ध बाजूचे प्रश्न) लागोपाठ होते, आणि ज्यांनी साक्षीदाराला पाहिलं तेच निर्णय देतात.

आपल्याकडे सरतपासणी एका महिन्यात आणि उलटतपासणी दिवाळीनंतर. मधल्या काळात साक्षीदाराला गाठणारे गाठतात, तो फितूर होतो. न्यायाधीशाची बदली होते आणि नवा न्यायाधीश कधीही न पाहिलेल्या साक्षीदाराची विश्वासार्हता टंकलिखित कागदावरून ठरवतो. कायदा हे चालवून घेतो. वास्तविक हजर साक्षीदार संपेपर्यंत सुनावणी रोज चालवा, असं १९७३ची फौजदारी प्रक्रिया संहिता सांगत होती आणि १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३४६ही सांगतं. पण एकाच न्यायाधीशाच्या बोर्डावर दिवसाला डझनावारी प्रकरणं लावल्यावर ते पाळणार कसं?

इंग्लंडला भुलून जाऊ नये, हेही खरं. तिथे खटला सलग चालतो, पण उभा राहायलाच वर्षं लागतात. गंभीर गुन्ह्यांचे खटले चालवणाऱ्या क्राउन कोर्टात ७० हजारांहून अधिक प्रकरणं तुंबली आहेत. जुलै २०२५मध्ये निवृत्त न्यायाधीश ब्रायन लेव्हसन यांच्या अहवालाने मधल्या प्रतीच्या गुन्ह्यांसाठी ज्यूरीऐवजी एक न्यायाधीश आणि दोन मॅजिस्ट्रेट (तिथे हे बहुधा सामान्य नागरिक असतात) सुचवले, आणि डिसेंबरात सरकारने तर ज्यूरीचं क्षेत्र आणखी आकसण्याचा इरादा जाहीर केला. ज्यूरी ज्यूरी म्हणणाऱ्यांनी तिथला हा वादही वाचावा. ज्यूरी कारणं देत नाही, ही तिची जुनी खोडही विसरू नये. आपल्याकडे निदान निकालपत्र हाती येतं आणि अपिलात त्यातली चूक दाखवता येते.

म्हणून मागणी करायचीच तर आधी हे मागा: खून आणि बलात्काराच्या खटल्यांसाठी फक्त तेवढंच काम असलेला न्यायाधीश, सरतपासणीच्या दुसऱ्याच दिवशी उलटतपासणी, आणि साक्षी सुरू झाल्यावर निकालापर्यंत बदली नाही. यातल्या कशालाही बारा माणसं लागत नाहीत.