कुकरची उपमा अर्धीच खरी

ऑटोक्लेव्हवरच्या (बंद टाकीत दाब आणि उष्णता देणाऱ्या यंत्रावरच्या) लेखातलं ‘ऑटोक्लेव्ह म्हणजे मोठा प्रेशर कुकर, दाब कळला की तापमान कळलं’ हे वाक्य खटकलं. आत निव्वळ संपृक्त वाफ (त्या दाबाला पाणी ज्या तापमानाला उकळतं, त्याच तापमानाची) असेल तरच ते खरं. हवा कोंडून राहिली तर दाबाच्या गेजचा काटा बरोबर जागेवर दिसतो आणि तापमान मात्र कमीच असतं. रबरी होज (नळ्या) व्हल्कनाइझ करताना, म्हणजे उष्णतेनं रबर पक्कं करताना, हे भोगलंय. गेज चोख, पण तळाच्या ट्रॉलीतला माल कच्चा, चिकट. हवा वाफेपेक्षा जड, ती खाली बसलेली आणि तिला बाहेर सोडणारा ट्रॅप (झडप) तुंबलेला! तेव्हापासून आधी ड्रेनजवळचा थर्मोकपल (तापमान मोजणारा सेन्सर) बघतो, मग गेज.

कार्बन फायबरच्या भागांना तर ही उपमा लागूच पडत नाही. तिथे वाफ नसते, बहुधा नायट्रोजन असतो. साधारण 6-7 बार दाब थर घट्ट बसवून पोकळ्या मिटवण्यासाठी.

दाराच्या इंटरलॉकवर (आत दाब असेतो दार उघडू न देणाऱ्या यंत्रणेवर) मात्र लेखात एक ओळही नाही, याचं नवल वाटलं. 2 मीटर व्यासाच्या दारावर 10 बारला सुमारे 320 टन जोर येतो. शिट्टी काढून झाकण उघडण्याइतकं सोपं नाही ते.